टॉवेलवर धूळ नाही

खंदारे सर,

तुमच्या जाण्याने आपल्या केंद्राच्या शैक्षणिक जीवनात कधीही भरून न निघणारी पोकळी निर्माण झाली आहे. हे वाक्य माझं नाही. शोकसभेत ते तीन वक्त्यांनी म्हटलं, आणि तिघांनीही मनापासून म्हटलं असावं, कारण तिघेही 'पोकळी'पाशी जरा थांबले. शोकसभा गुरुवारी झाली. शुक्रवारी सकाळी तालुक्याहून पत्र आलं. पोकळी भरण्यात आली होती, आणि ती भरण्यासाठी माझी नेमणूक झाली होती.

केंद्रप्रमुखपदाचा अतिरिक्त कार्यभार, पुढील आदेशापर्यंत, श्री. गिराम, मुख्याध्यापक. मी कार्यालयात फोन करून विचारलं, मीच का? पलीकडचा लिपिक म्हणाला, "खंदारे सरांनीच नाव दिलं की सर तुमचं." कधी, म्हटलं. तर म्हणे, रजेच्या अर्जात. पुढच्या महिन्यात लेकीकडे जायला तुम्ही आठ दिवसांची रजा टाकली होती आणि खाली लिहिलं होतं, 'रजाकाळात कार्यभार श्री. गिराम यांच्याकडे द्यावा, ही विनंती.' रजा सुरू व्हायच्या आधीच तुम्ही गेलात, पण अर्ज टेबलावर होता. आपल्या कार्यालयात टेबलावरची गोष्ट वाया जात नाही, फक्त उशिरा आणि भलत्याच कामाला वापरली जाते.

तेव्हापासून मी गोंधळात आहे. केंद्रातल्या अकरा शाळांत इतके शिक्षक. त्यांतले निम्मे तुमच्या शब्दावर उभे राहणारे, आणि काही तर तुमची चालसुद्धा चालणारे. आणि तुम्ही नाव दिलं ते सहा वर्षं प्रत्येक बैठकीत तुमच्याशी वाद घालणाऱ्या माणसाचं. हे घाईत झालं, चेष्टेत झालं, की विचार करून? हे ज्याला विचारावं तो माणूस नाही, म्हणून हे लिहितोय. उत्तराची अपेक्षा नाही. कार्यालयांशी पत्रव्यवहार करून तेवढी सवय झाली आहे.

आपण एकमेकांना कधी नावाने हाक मारली नाही. शिक्षकांचं हे असंच. चहा पिताना सर, भांडताना सर, मोटारसायकल ढकलताना सुद्धा 'सर, जरा जोर लावा.' तुम्ही माझ्याहून दोन वर्षांनी लहान होता, हे मला शोकसभेच्या बॅनरवरून कळलं. आधी कळलं असतं तर वाद घालताना थोडा आवाज चढवला असता.

आमच्या शाळेत टीव्ही आला तो दिवस तुम्ही पाहिला नाही. तुम्ही केंद्रात त्यानंतर आलात. समारंभ रीतसर झाला. पाहुण्यांनी नारळ फोडला, फीत कापली. कुणाच्या तरी लक्षात आलं की नव्या वस्तूला हळद-कुंकू वाहिलं नाही, तेव्हा पाहुण्यांनी तेही वाहिलं, काचेवरच. त्यातला हळदीचा एक ठिपका उजव्या कोपऱ्यात अजून आहे. पुसून गेला नाही. आमच्या टीव्हीवर काहीही लावा, वर एक पिवळा सूर्य असतोच, रात्रीचं आकाश दाखवलं तरी. मग पाहुण्यांचा टॉवेल-टोपी देऊन सत्कार झाला. टोपी ते घालून गेले. टॉवेल गाडीत बसताना विसरले. संध्याकाळी मी तोच टॉवेल टीव्हीवर टाकला आणि दार लावून घेतलं.

यात आळस नव्हता. बाहेरच्यांना हे कळत नाही, म्हणून सांगतो. शाळेत आलेली प्रत्येक वस्तू जडवस्तू नोंदवहीत चढते. चढली की मुख्याध्यापकाच्या मानेवर बसते. हरवली तर तो जबाबदार, मोडली तर तो जबाबदार, फेकायची तर परवानगी मागत फिरणारा तोच. पण ती न वापरता वीस वर्षं तशीच ठेवली, तर मात्र त्याला कुणी काही विचारत नाही. अशा परिस्थितीत शहाणा माणूस जे करील ते मी केलं. अकराही शाळांनी तेच केलं. काहींनी टॉवेल, काहींनी जुनी साडी, एका शाळेने निवडणुकीचा कापडी फलक.

तुम्ही पहिल्यांदा शाळेत आलात, खोलीभर नजर फिरवली आणि टीव्हीसमोर उभे राहिलात.

"गिराम सर, ह्याला थंडी वाजायलीय का?"

"धूळ बसू नये म्हणून."

"मग माणसांवरबी टाकावा. खुर्चीत बसून धूळ बसलेले लय हाईत आपल्यात."

मी तुम्हाला तेव्हा ओळखत नव्हतो. नवे केंद्रप्रमुख येतात ते एकतर दम देतात किंवा भाषण देतात. भाषण असेल तर त्यात 'फळासुद्धा एकेकाळी नवं तंत्रज्ञानच होता' हे वाक्य असतं. ते मी इतक्या प्रशिक्षणांत ऐकलंय की फळा पाहिला की कानात वाजतं. तुम्ही ते एकदाही म्हणाला नाहीत. त्याबद्दल तुमचे आभार मानायचे राहिले होते, ते आज मानतो.

तुम्ही विचारलं, "का लावत न्हाई?"

मी म्हटलं, "बंद पडला तर कोण जबाबदार?"

"इतकंच हाय का?"

"इतकंच नाही. पण आधी एवढं सांगा."

तुम्ही माझ्याच टेबलावरचा कोरा कागद ओढला आणि लिहिलं: 'सदर दूरचित्रवाणी संच अध्यापनासाठी वापरताना नादुरुस्त झाल्यास त्याची संपूर्ण जबाबदारी माझी राहील.' खाली सही. मी म्हटलं, सर, या कागदाला काडीची किंमत नाही. तुम्हाला असं लिहून द्यायचा अधिकारच नाही. तुम्ही टोपण लावत म्हणालात, "मालूम हाय. आमचे वडील पूर्णेला रेल्वेत होते. सिग्नल बिघडला की ड्रायव्हरच्या हातात कागद द्यावा लागायचा, का बाबा, जा आता, पुढं रस्ता मोकळा हाय. गाडी काय कागदावर चालत न्हाई. पण कागद दिल्याबिगर ड्रायव्हरबी हलत न्हाई."

तुम्ही मग अकराही शाळांना तसा एकेक कागद लिहून दिलात. मी तो फाईलला लावला आणि टीव्हीवर टॉवेल तसाच ठेवला. मला वाटलं, बाकीचे भोळे आहेत, फसतील. कागद पोकळ आहे हे ओळखणारा मी एकटाच.

ते फसले. निदान तेव्हा मला तसं वाटलं.

मग तुमची ती पद्धत आली. महिन्याच्या शिक्षण परिषदेत, म्हणजे सगळ्या शाळांचे शिक्षक डबे घेऊन एका ठिकाणी जमतात त्या दिवशी, तुम्ही सांगितलं की ज्याला येतं त्याने ज्याला येत नाही त्याच्या शेजारी उभं राहायचं. तोंडाने काय सांगायचं ते सांगा. पण हात मागे. दुसऱ्याच्या फोनला, टीव्हीला, कशालाही बोट लावायचं नाही. बालवाडीतल्या पोरांना सांगतात तसं, हाताची घडी, फक्त पाठीमागे.

मी मागच्या बाकावरून म्हणालो होतो, "सर, ही परिषद आहे का कोठडी?"

"कोठडीच हाय," तुम्ही म्हणालात. "ज्याला येतं त्याच्यासाठी."

गरुड बाईंचा तो दिवस मी विसरणार नाही. बाईंना फोन म्हणजे निखारा. वाजला की त्या तो जवळच्या माणसाच्या हातात द्यायच्या, "बघा बरं काय म्हणायलाय." त्या दिवशी फोनमधला एक व्हिडिओ टीव्हीवर आणायचा होता. शेजारी एक तरुण शिक्षक, हात मागे बांधून, घामाघूम. बाई भलतीकडेच बोट लावत होत्या आणि त्याचे खांदे हलत होते.

"मेलं हे नुसतं गोल गोल फिरायलंय," बाई म्हणाल्या.

"फिरू द्या. त्याचं त्याला कळंल," तुम्ही म्हणालात. आणि त्या तरुणाला, "सर, बोटाला खाज सुटली तर खिशात घाला."

तिसरा चहा येऊन गेला. मग एकदम टीव्हीवर चित्र आलं, आवाज इतका मोठा की बाहेर सायकलींच्या सावलीत बसलेलं कुत्रं उठून गेलं. हातच्याची वजाबाकी होती. रंगीत ठोकळे इकडून तिकडे उड्या मारत होते. बाईंनी शेवटपर्यंत पाहिलं. आम्हाला वाटलं, आता डोळ्यांत पाणी वगैरे येईल. बाई म्हणाल्या, "एवढंच व्हय? हे तर मी काड्यांनी शिकवते. काड्यांनी लवकर कळतं."

सगळे हसले. मी सगळ्यांत जोरात. मला वाटलं, झालं, तुमचा कार्यक्रम बाईंनीच आटोपला.

तुम्ही हसला नाहीत. म्हणालात, "मग काड्यांनीच शिकवा बाई. आधी भीती ठरवत होती. आता तुमी ठरवलं."

मी ते वाक्य त्या दिवशी सोडून दिलं होतं. अधिकाऱ्यांच्या वाक्यांना मी फार जवळ येऊ देत नाही. पण हे गेल्या आठवड्यापासून पुन्हा पुन्हा येतंय.

आपले वाद झरीच्या रस्त्यावरच्या त्या हॉटेलात व्हायचे, जिथे बाक तीन पायांवर उभा आहे आणि चौथ्या पायाचं काम गिऱ्हाइकाने करायचं. मी म्हणायचो, सर, पूर्वी कागदी घोडे होते, त्यांना दाणापाणी तरी लागत नव्हतं. आता घोडे चार्ज करावे लागतात. वरून हुकूम येतो, उपक्रमाचा फोटो पाठवा. मग उपक्रम फोटोपुरता होतो. पोरं टीव्हीकडे तोंड करून बसतात, फोटो निघतो, पोरं पुन्हा वळतात. तुम्ही म्हणायचात, खरं हाय. आपल्या केंद्रात फोटो मागवणं तुम्ही बंद केलं, वरून बोलणी खाल्ली आणि आम्हाला ते सांगितलंही नाही. जो माणूस आपल्या प्रत्येक आक्षेपाला 'खरं हाय' म्हणतो त्याच्याशी वाद घालणं किती अवघड असतं, याची तुम्हाला कल्पना नाही.

शेवटचा वाद अर्धा राहिला. मी विचारलं होतं, "एवढं सगळं केलं सर. पण एक तरी पोरगं या टीव्हीमुळं शिकलं, असं दाखवता येईल का?"

तुम्ही कपातली साय बोटाने बाजूला केली. "तुमच्यामुळं शिकलं असं एक दाखवा गिराम सर. मग मी टीव्हीचं दाखवतो."

मी दुसरा चहा सांगितला. उत्तर नसलं की मी दुसरा चहा सांगतो. तुम्ही घड्याळ पाहिलं आणि म्हणालात, राहू द्या, पुढच्या परिषदेत बोलू. पुढची परिषद म्हणजे तुमची शोकसभा. तारीख तीच ठेवली, कारण सगळे जमणारच होते आणि चहापाण्याचं सांगून झालं होतं.

आता जे सांगायचं राहिलं ते सांगतो.

माझ्या शाळेतला टीव्ही मी लावला होता, सर. दोन वर्षांपूर्वी, एका गुरुवारी. त्या दिवशी चौथीला गावाचा नकाशा शिकवायचा होता आणि माझा नकाशा उंदरांनी खाल्ला होता. दुसरं काही कारण नव्हतं. मी टॉवेल काढला, फोनचं इंटरनेट जोडलं आणि वरून दिसणारं आमचं गाव पडद्यावर आणलं. ओढा, मारुतीचं देऊळ, शेतांचे तुकडे आणि उजव्या कोपऱ्यात तो हळदीचा सूर्य.

पोरं पडद्याजवळ सरकली. मग आपापली घरं शोधायला लागली. "ते बघ आमचं. कडबा दिसायलाय." "येडं हाय का, ती म्हादूतात्याची हाय गंजी." पूजा नावाची एक मुलगी आहे, आता सहावीत, तिचं घर सापडेना. पोरं चिडवायला लागली, "तुझं घरच न्हाई मग तू राहतीस कुठं?" मी मध्ये पडणार होतो. ती उठली, पडद्याला नाक लागेल इतकी जवळ गेली आणि बराच वेळ पाहून म्हणाली, "सर, ह्याच्यात पाण्याची टाकीबी न्हाई."

टाकी शाळेच्या खिडकीतून दिसते. केवढी तरी आहे.

"शाळेला कंपाउंडबी न्हाई," ती म्हणाली. "ह्यो फोटो जुना हाय. आमचं घर नंतर झालंय. ह्यो टीव्ही मागचं दाखवायलाय आन आत्ताचं हाय म्हनायलाय."

त्यानंतर दोन तास मी काही शिकवलं नाही. पोरं पडद्यासमोर आणि खिडकीसमोर आळीपाळीने पळत होती आणि टीव्हीच्या चुका सांगत होती. नवा पूल न्हाई. चिंच पडली तरी उभीच हाय. वहीत त्यांनी यादी केली, दीड पान भरलं. मग त्या यादीवरून त्यांनी स्वतः गावाचा नकाशा काढला. उंदरांनी खाल्लेल्या नकाशापेक्षा तो चांगला होता. अजून भिंतीवर आहे. शाळेत इतकी वर्षं काढली, पण असा तास मला फारदा मिळालेला नाही.

आणि इथेच माझी गोची होते. यंत्रावर विश्वास ठेवू नका, हे मी प्रत्येक परिषदेत बोंबलून सांगत होतो. ते त्या पोरीला कळलं. पण कळलं ते यंत्रापुढे उभं केल्यावर. मग हा वाद कोण जिंकलं, तुम्ही की मी? मला अजून ठरवता येत नाही. ठरवता येत नव्हतं म्हणूनच तुम्हाला सांगितलं नाही, असं मी स्वतःला समजावत आलोय. खरं कारण त्याहून लहान आहे. तुम्ही 'खरं हाय' म्हणाला असता, आणि ते मला सहन झालं नसतं.

तेव्हापासून दर गुरुवारी मी टॉवेल काढायचो आणि शाळा सुटताना परत घालायचो. परिषदेत तुम्ही विचारायचात, टीव्ही कसा आहे? मी म्हणायचो, आहे तसा आहे. खोटं नव्हतं ते. फार खरंही नव्हतं.

शोकसभेचं सांगतो. तुम्हाला आवडली नसती, पण तुम्ही शेवटपर्यंत बसला असता. बॅनरवर तुमच्या नावामागे 'तंत्रस्नेही शिक्षण चळवळीचे प्रणेते' असं लिहिलं होतं. 'प्रणेते' वाचून तुम्ही मागे वळून पाहिलं असतं, कोण आलं म्हणून. तालुक्याचे साहेब आले होते. भाषणांनंतर तुमचे फोटो पडद्यावर दाखवायचे होते. लॅपटॉप जोडला, पण पडदा निळाच. आपले शिक्षक उठले आणि टेबलाभोवती उभे राहिले. कोपऱ्यातलं ते दाबा, ती वायर बघा, असं प्रत्येक जण सांगत होता. दाबत कुणीच नव्हतं. दहा-बारा माणसं, सगळ्यांचे हात मागे. साहेबांना वाटलं, हा श्रद्धांजलीचाच भाग आहे. तेही उठून हात मागे घेऊन उभे राहिले. शेवटी गरुड बाई पदर खोचत पुढे आल्या, "सरका," म्हणाल्या, आणि दोन ठिकाणी दाबून त्यांनी फोटो सुरू केले.

त्या फोटोंत तुम्ही प्रत्येक शाळेत आहात, कुणाच्या तरी खांद्याआड. एकाही फोटोत तुमचे हात दिसत नाहीत. साहेब माझ्या कानाशी म्हणाले, "किती विनम्र माणूस होता हो."

सभा संपल्यावर गरुड बाईंनी मला चपलांपाशी गाठलं.

"गिराम सर, त्या कागदाचं आता काय?"

"कुठला कागद?"

"जिम्मेदारीचा. सही करणारा माणूस तर गेला. मी कालच टीव्हीवर साडी टाकली परत. माझी दोन वर्षं राहिलीत, उगं पेन्शनीत भानगड नको."

मी म्हटलं, "बाई, त्या कागदाला सर असतानाही किंमत नव्हती. जी किंमत नव्हती ती गेली कशी?"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. चौथीच्या पोराने सोपं गणित चुकवल्यावर पाहतात तसं. "ते आमालाबी कळतंय. आमी काय येड्या हाव का? कागद गेला चुलीत. माणूस होता की मागं. एकदा माझ्या टीव्हीचा धूर निघाला, तर सर सेलूला घेऊन गेले त्यो मोटारसायकलीवर बांधून, दुरुस्त करून आणला. कुणाला बोलले का? आता मागं कोण हाय ते सांगा."

मला हे माहीत नव्हतं. धुराचंही नाही, आणि सगळ्यांना कागद पोकळ असल्याचं माहीत होतं हेही नाही. इतकी वर्षं मी समजत होतो की केंद्रात शहाणा मी एकटा. शुक्रवारी नेमणुकीचं पत्र आलं आणि शनिवारपासून फोन सुरू झाले. सगळ्या शाळांतून एकच प्रश्न. तीन दिवसांत आपल्या केंद्रातले टीव्ही टॉवेलाखाली, साडीखाली, फलकाखाली गेले. तुमचं सहा वर्षांचं काम झाकायला अर्धं कपाटसुद्धा लागलं नाही. आता मी तसेच कागद लिहून द्यावेत, नाहीतर ते झाकलेलेच राहतील. म्हणजे जो कागद मी खोटा म्हणत आलो तो माझ्या हाताने अकरा वेळा लिहायचा, ज्या गोष्टीवर माझा धड विश्वास नाही तिच्यासाठी, आणि उद्या धूर निघाला तर मोटारसायकलीवर दोरीही मीच बांधायची.

रविवारी वहिनींना भेटायला गेलो. निमित्त भेटण्याचं, खरं तर विचारायचं होतं. चहा झाल्यावर म्हटलं, वहिनी, सरांनी अर्जात माझं नाव का दिलं असेल?

"मला काय मालूम सर. घरी मात्र तुमचंच नाव. आज गिराम सर असं म्हणले, काल तसं म्हणले. मला वाटायचं तुमचं भांडण हाय."

"भांडणच होतं."

"आसंल," त्या म्हणाल्या. "पण हसत सांगायचे."

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. बँकेचं काहीतरी होतं. मी मदतीला हात पुढे केला, पण त्यांनी सगळं आपलं आपण करून फोन उलटा ठेवला. माझा हात तसाच राहिलेला पाहून म्हणाल्या, "येतं मला सगळं. ह्यांनी कधी हातच लावला न्हाई. मी लय भांडायचे, का इतकं साधं करून देत न्हाईत म्हणून."

मी दुसरा चहा मागितला.

काल शाळेत कार्यभाराचा पहिला शेरा लिहायला शेरेबुक उघडलं. शाळेला भेट देणारा अधिकारी त्यात दोन ओळी लिहून जातो आणि त्या कुणीही वाचत नाही. लिहिणाराही लिहिताना दुसरीकडे पाहत असतो. मीही वाचत नाही. तुमच्या मागच्या महिन्यातल्या भेटीखाली मीच मुख्याध्यापक म्हणून सही केलेली होती, न वाचता. वर तुमचं बारीक, उजवीकडे कललेलं अक्षर होतं. उपस्थिती चांगली. पोषण आहार नियमित. चौथीचा हस्तनिर्मित नकाशा पाहिला, विद्यार्थ्यांशी चर्चा केली. आणि शेवटची ओळ: 'टीव्हीवरील टॉवेलवर धूळ नाही. समाधानकारक.'

म्हणजे पूजाने तुम्हाला सगळं सांगितलं होतं. किंवा सांगितलं नसेल, तुम्हीच पाहिलं असेल. मागची पानं उलटली. त्याआधीच्या भेटीतही तेच. त्याआधीच्याही. दोन वर्षं तुम्ही माझ्यासमोर बसून विचारत होता, टीव्ही कसा आहे, मी सांगत होतो, आहे तसा आहे, आणि तुम्ही मान हलवून माझ्याच वहीत हे लिहून जात होता. तुम्हाला माहीत होतं की मी वाचणार नाही. की वाटत होतं, कधीतरी वाचीन? तुमचे हात तेव्हाही मागेच होते का, सर? हा प्रश्न चांगला आहे की नुसता शोकसभेसारखा, हे मला आज कळत नाही.

रजेच्या अर्जाचा उलगडा यातून होतो, असं मला क्षणभर वाटलं. नंतर वाटलं, नाही होत. आठ दिवसांसाठी नाव द्यायला एवढं कारण लागत नाही. कदाचित माझी शाळा वाटेवर आहे म्हणून दिलं असेल. तुम्ही तेवढे व्यवहारी होता. मी अजून तिथेच आहे, जिथे हे पत्र सुरू केलं होतं.

कागद मात्र लिहिले. रात्रीपर्यंत थांबलो असतो तर विचार बदलला असता, म्हणून शाळा सुटल्याबरोबर तिथेच बसून लिहिले. मजकूर तुमचाच ठेवला. 'संपूर्ण' हा शब्द गाळावा असं दोनदा वाटलं, गाळला नाही. अकरावा कागद माझ्याच शाळेचा. केंद्रप्रमुख गिराम यांनी मुख्याध्यापक गिराम यांना लिहून दिलं की टीव्ही बिघडला तर जबाबदारी माझी राहील. मुख्याध्यापकांनी तो थोडा विचार करून स्वीकारला. गरुड बाईंना त्यांचा कागद मी आज दुपारी स्वतः नेऊन दिला. त्यांनी दोनदा वाचला, घडी घालून पर्समध्ये ठेवला, मग मला आपादमस्तक न्याहाळून म्हणाल्या, "दोरी हाय ना गाडीला?" आणि टीव्हीवरची साडी काढली. मी शेजारी उभा होतो, हात मागे.

बाईंनी बटण दाबलं. तारांच्या दुरुस्तीसाठी आज लाईट बंद होती, संध्याकाळी पाचपर्यंत.